लकव्यानंतर घरी कुठलं यंत्र खरंच कामी आलं? (इंदूर, नऊ महिन्यांचा अनुभव)

मधुमालती · ४ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ७१) गेल्या एप्रिलमध्ये लकवा झाला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, त्यामुळे शरीराची डावी बाजू गेली. अकरा दिवसांनी घरी आलो तेव्हा हातात डिस्चार्जचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि "फिजिओ चालू ठेवा" एवढं सांगणं होतं. दादा-वहिनी पुण्याला. इथे लोकमान्यनगरात आई, बाबा आणि मी, त्यात माझी शाळा सकाळची. घाबरलेल्या माणसाला समोर दिसेल ते घ्यावंसं वाटतं, तसं आमचं झालं. पहिल्या महिन्यात दवाबाजार आणि ऑनलाइन मिळून बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, स्मार्ट घड्याळ, हाताला करंट देणारं मशीन आणि एक कॅमेरा, इतकं घरात आलं.

आज मागे वळून बघते तर ज्यांनी सगळ्यांत जास्त साथ दिली त्या वस्तू या यादीत जवळपास नाहीत. म्हणून हा धागा काढते आहे. आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या घरांमध्ये हल्ली हीच परिस्थिती आहे: मुलं बाहेरगावी, घरी दोन म्हातारी माणसं आणि एखादी लेक किंवा सून. कुणाचे पैसे आणि घाबरणं वाचलं तर बरं.

आधी ताटाची गोष्ट सांगते. बाबांना चटणीशिवाय जेवण जात नाही. पण घरी आल्यापासून ते पोळी, भाजी, आमटी संपवायचे आणि चटणी, कोशिंबीर, लिंबू जसंच्या तसं राहायचं. आईला वाटलं, तोंडाची चव गेली. ती रोज वेगळी चटणी करायची. जवसाची, तिळाची, लसणाची. रोज ती परत जायची. तिसऱ्या आठवड्यात फिजिओ ताई नेमक्या जेवणाच्या वेळी आल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि काही न बोलता त्यांनी ताट अर्धं फिरवलं. बाबा म्हणाले, "अगं, चटणी कधी वाढलीस?"

ताटाची डावी बाजू त्यांच्यापुरती नव्हतीच. डोळे चांगले होते, मेंदू डावीकडे लक्षच देत नव्हता. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटणं, पेपरातली ओळ मधूनच वाचायला लागणं, या सगळ्याचा अर्थ तेव्हा लागला. पाच मशीनं घरात होती, त्यातल्या एकानेही हे सांगितलं नसतं.

त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी कागदभर चांदण्या छापून दिल्या, सगळ्या शोधून खोडायच्या. पहिल्या दिवशी बाबांनी उजव्या अर्ध्यातल्याच खोडल्या आणि "झालं" म्हणून पेन ठेवलं. तोच खेळ आता टॅब्लेटवर करतात, रोज वीस मिनिटं. आणि पेपरच्या डाव्या कडेला मी लाल इलेक्ट्रिक टेपची पट्टी चिकटवते. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायला लागायचं.

ज्या वस्तूंनी खरंच हात दिला त्या अशा. एक, बिनतारी डोअरबेल. बटण पलंगाच्या उजव्या कठड्याला बांधलं, घंटा एक स्वयंपाकघरात आणि एक माझ्या खोलीत. आधी आई रात्रभर अर्धी जागी असायची, कारण बाबांचा आवाज बारीक झाला होता. घंटा लागली त्या रात्री ती सलग पाच तास झोपली. दुसरी, बाथरूमच्या वाटेवर हालचालीने लागणारे छोटे दिवे. तिसरी वस्तू म्हणजे आत्याचं जपाचं डिजिटल काउंटर, बोटात घालायचं. वाटीतले राजमे डाव्या हाताने उचलून डब्यात टाकायचे, प्रत्येक राजम्याला उजव्या हाताने एक टिचकी. १०८ झाले की एक माळ. सुरुवातीला अर्धी माळही होत नव्हती, आता सकाळी दोन आणि संध्याकाळी एक होते.

बीपीच्या मशीनने मात्र आमची झोप उडवली. आईच्या वहीत एका दिवसात अकरा आकडे आहेत. एक जास्त आला की ती पुन्हा मोजायची, तो आणखी जास्त यायचा. बाबा पट्टा बांधतानाच विचारायचे, "किती येईल?" शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की सकाळी आणि संध्याकाळी मोजा, बाकी वेळ मशीन कपाटात.

आता माझे प्रश्न. बीपी नेमकं कसं मोजायचं, कारण आकडे अजूनही फार वरखाली होतात. करंटचं मशीन वापरावं का? आणि दादाचं म्हणणं आहे की बाबांच्या खोलीत कॅमेरा लावू या. आई नको म्हणते. मला दोघांचंही पटतं.

सुरसागर · ५ जानेवारी, सकाळी ७:५०

मधुमालती ताई, मी बडोद्याला फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त काम लकव्याच्या पेशंटचंच. ताटाची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. डावीकडे लक्ष नसलेला पेशंट स्वतः कधीच तक्रार करत नाही, कारण जे हरवलंय ते हरवलंय हेच त्याला कळत नाही. घरच्यांनाच ओळखावं लागतं.

आता ताट फिरवू नका. सुरुवातीला पोटात अन्न जावं म्हणून ठीक, पण पुढे चटणी डावीकडेच राहू द्या आणि त्यांना शोधायला लावा. तुम्हीही डाव्या बाजूला बसून बोला. पाण्याचा तांब्या, चष्मा डावीकडे ठेवा. घंटेचं बटण मात्र उजवीकडेच, तिथे प्रयोग नाही.

काउंटरची कल्पना फार मोलाची आहे. आम्ही येतो तासाभरासाठी. त्यात उभं करणं, तोल, चालणं हे सगळं बसवताना हाताच्या खऱ्या हालचाली तीस-चाळीसच होतात. मेंदूला नवीन वाट पाडायची तर शेकड्यांनी लागतात आणि त्या घरीच होऊ शकतात. म्हणून माझ्या मते घरच्या तंत्रज्ञानाचं पहिलं काम मोजणी आणि आठवण हे आहे. उपचार पेशंटच्या हालचालीत आहे.

करंटचं मशीन टाकून देण्यासारखं नाही, पण ते आपल्या मनाने लावायचं नाही. पॅड कुठे लावायचे, किती वेळ, किती जोर, हे फिजिओने ठरवावं. पेसमेकर असेल तर नाहीच. जिथे स्पर्श नीट कळत नाही तिथे चटका बसला तरी पेशंटला समजत नाही, म्हणून पॅड काढल्यावर कातडी रोज बघा. आणि मशीन चालू असताना पेशंटने टीव्ही बघत बसू नये. करंटने बोटं उघडतात त्या क्षणी त्यानेही "उघड" म्हणून जोर लावायचा, तेव्हा त्याचा फायदा.

व्हिडिओबद्दल. मी बाहेरगावच्या पेशंटना व्हिडिओ कॉलवर बघतो. पण अर्धे कॉल छताचा पंखा दाखवण्यात जातात. मोबाइल हातात धरू नका. स्टुलावर, कमरेच्या उंचीला, बाजूने, निदान तीन मीटर लांब ठेवा. पाऊल जमिनीला टेकताना दिसलं पाहिजे, साडी किंवा लेंगा घोट्याच्या वर. मागे खिडकी नको, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते. एवढं झालं तर मी गुडघा मागे जातोय का, पाऊल घासतंय का, हे नीट सांगू शकतो. हाताचा ताठरपणा किती, खांदा सांध्यातून खाली उतरलाय का, हे मात्र पडद्यावर कळत नाही. त्यासाठी माणसाचा हात लावावा लागतो. म्हणून सगळंच ऑनलाइन करून टाकू नका.

आणि हात जोडून सांगतो, उठवताना लकव्याच्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. खांद्याच्या दुखण्याने मी चांगले चालू शकणारे पेशंट अंथरुणाला खिळलेले पाहिले आहेत.

लश्करकर · ५ जानेवारी, दुपारी १:२०

ग्वाल्हेरहून. मी बायोमेडिकल विभागात तीस वर्षं हीच मशीनं दुरुस्त केली, तेव्हा बीपीचा प्रश्न मी घेतो.

पट्टा कुठल्या हाताला बांधता? लकवा झालेल्या हाताला नको. तिथे स्नायू ढिले किंवा ताठ असतात, आकडा भलताच येऊ शकतो. चांगल्या हातालाच बांधायचा आणि रोज त्याच.

पट्ट्याचं माप बघा. मशीनबरोबर येतो तो साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला असतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. टेपने दंड मोजून घ्या. मनगटावरच्या मशीनपेक्षा दंडावरचं घ्यावं. बाही गुंडाळून त्यावर पट्टा नको, उघड्या दंडावर हवा.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसणं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नको. मोजताना गप्प! आपल्या घरांत पट्टा फुगत असतानाच "दुधवाला आला का" चालतं, तेवढ्यानेही आकडा चढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. डॉक्टरांना ती सरासरी दाखवा. एकेका आकड्याला फारसा अर्थ नाही. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ती जास्त धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० सारखी.

नाडी अनियमित असेल तर ही मशीनं चुकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा मशीन बरोबर न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघा. सेल कमजोर असले की पट्टा हळू फुगतो, मधेच एरर येते. सेल बदला, मशीनला दोष देऊ नका.

चिमणबागवाली · ५ जानेवारी, दुपारी ३:०५

डोअरबेलला माझंही अनुमोदन. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्हीही तेच केलं.

गुडघ्यासाठी मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप वापरलं. नडगीवर फोन टेकवायचा, गुडघा किती वाकला ते कळतं. रोज एकाच पलंगावर, एकाच पद्धतीने मोजलं तरच तुलना होते. दुसऱ्या आठवड्यात ७० वर अडकल्या होत्या, घाबरून वाकवतच नव्हत्या. ८१ दिसलं त्या दिवशी त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

दूरवासी · ५ जानेवारी, रात्री ११:४०

कॅमेऱ्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण मी तुमच्या दादाच्या जागी आहे.

आई सुदामानगरात एकटी असते, मी परदेशात. ती बाथरूममध्ये पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि दोन तास कुणाला कळलं नाही. मी आलो, ऑपरेशन झालं, आणि जाताना तिच्या खोलीत कॅमेरा लावून गेलो. मला बरं वाटायचं. ऑफिसमध्ये बसून दिवसातून वीस वेळा बघायचो. दोन महिन्यांनी लक्षात आलं की आई खोलीत फारशी दिसतच नाही. मावशीने सांगितलं, ती साडी बदलायला स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात जाते, दुपारी आडवी होत नाही, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसून राहते. "तो बघत असेल ना," म्हणाली. दोन महिने माझ्या आईने स्वतःच्या खोलीत पाय पसरले नव्हते, आणि ते मी केलं होतं.

कॅमेरा त्याच दिवशी काढायला लावला. आता फ्रिजच्या दाराला आणि बाथरूमच्या दाराला छोटे सेन्सर आहेत. दार उघडलं की माझ्या फोनवर नुसती वेळ येते, चित्र नाही. सकाळी नऊपर्यंत फ्रिज उघडला नाही तर मी फोन करतो. तिने उचलला नाही तर खालच्या मजल्यावरचे काका वर जातात, त्यांच्याकडे किल्ली आहे. गळ्यात बटणाचं लॉकेट आहे, ते ती बाथरूममध्येही काढत नाही.

ताई, दादाला सांगा, काळजी खरी आहे, पण खोलीत कॅमेरा नको. निदान बाबांना विचारल्याशिवाय तरी नको. त्यांना बोलता येतं, तर निर्णय त्यांचा.

मधुमालती · ६ जानेवारी, सकाळी ६:१०

दूरवासी, तुमचं लिहिणं मी दादाला पाठवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने बाबांनाच फोन करून विचारलं. बाबा म्हणाले, "ओसरीत लाव, मी व्यायाम करतो ते बघ. खोलीत नको." नऊ महिन्यांत हा प्रश्न आम्ही बाबांना विचारलाच नव्हता.

लश्करकर काका, पट्टा डाव्या हातालाच बांधत होतो. उजव्या हाताने ते काहीतरी करत असतात म्हणून. आजपासून बदललं.

रेवाकाठ · ६ जानेवारी, दुपारी १२:३०

आमच्याकडे उलट. यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, शब्द येत नाही. पाणी हवं असेल तर "ते... ते..." आणि मग डोळ्यांत पाणी.

बोलण्याच्या सरावाची ॲप शोधली, बहुतेक इंग्रजीत, थोडी हिंदीत. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मराठीत गेलं त्याने "ॲपल" म्हणून काय होणार? मग लेकीने मोबाइलवर आमचं स्वतःचं तयार केलं. आमच्याच घरातले फोटो: हा तांब्या, ही शाल, ही नात, हा ओटला. प्रत्येक फोटोला नातीच्या आवाजात शब्द, सावकाश. फोटो दाबला की आवाज येतो, मग यांनी म्हणायचं. तीस फोटोंपासून सुरुवात केली, आता दीडशेच्या वर आहेत.

आणि एक विलक्षण गोष्ट. गणपतीत आरती सुरू झाली आणि हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणाले. घरात सगळे थांबले, हेच एकटे म्हणत होते. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं. गाणं, पाठांतर, एक ते दहा आकडे हे बऱ्याचदा शाबूत राहतात, आणि चालीवर शब्द बसवून बोलायला शिकवण्याची थेरपीची एक पद्धतही आहे. आता "पाणी दे" हे आम्ही चालीत म्हणतो. थेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर असतात. बोलण्याच्या थेरपीला व्हिडिओ चांगला चालतो, हात लावायचा नसतो ना. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही सरकारी संस्थाही दुरून थेरपी देते.

पलासिया_जुनं · ६ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

लकवा नाही, पण घरची देखरेख म्हणून लिहितो. वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार, श्वास अडतो), घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं मशीन.

ऑक्सिमीटरवर ९० दिसलं की नातेवाईक ओरडतात, "वाढवा." आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, ८८ ते ९२ मध्ये ठेवा. या आजारात ऑक्सिजन मनाने वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस सुस्तावतो, बेशुद्धही होऊ शकतो. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू नाही. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर आकडा खोटा. चोळून गरम करा, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा.

दुसरं, वीज. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॉट खातं, छोट्या इन्व्हर्टरवर फार टिकत नाही. पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोनला बिजली गुल झाली तेव्हा हे कळलं. आता भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी पलंगाशेजारी असते, आणि चावी लावायची घरातल्या तिघांनाही येते.

जुनी_इंदूर · ६ जानेवारी, रात्री ९:००

माझ्या काकांना गेल्या महिन्यात लकवा झाला. नात्यातले म्हणतात राजस्थानात बुटाटी धामला न्या, सात दिवस फेऱ्या घाला. कुणी म्हणतात, फिजिओ कशाला, तेलाची मालिश पुरे. घरात रोज वाद होतात. काय करावं?

सुरसागर · ७ जानेवारी, सकाळी ७:३०

श्रद्धा असेल तर जरूर जा, मी कुणाला अडवत नाही. फक्त रक्त पातळ करणारी, बीपीची, साखरेची गोळी एक दिवसही चुकवू नका. पहिल्या महिन्यात लांबचा प्रवास करायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि व्यायाम तिथेही चालू ठेवा. पहिले तीन ते सहा महिने सुधारणेचा वेग सगळ्यांत जास्त असतो, ते हातचे घालवू नका. पुढेही सुधारणा होते, फक्त वेग कमी.

मालिशने बरं वाटतं, कातडी चांगली राहते. हलक्या हाताने करा. पण मालिशमध्ये हालचाल दुसरा करतो, मेंदू शिकतो तो स्वतः हलवण्याच्या प्रयत्नातून.

काठी_आणि_मी · ७ जानेवारी, सकाळी ११:२५

या धाग्यावर सगळे सांभाळणारे आहेत, मी सांभाळला गेलेला. वय ६६, तीन वर्षांपूर्वी डावी बाजू. आता चार पायांच्या काठीने राजवाड्यापर्यंत जाऊन येतो, अर्थात रिक्षाने, पण उतरल्यावर स्वतः चालतो.

मुलाने स्मार्ट घड्याळ दिलं. सकाळभर वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या आणि घड्याळ म्हणालं, ४३ पावलं. मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. इतकं करून ४३? मग फिजिओने समजावलं की घड्याळ हाताच्या झुल्यावरून पावलं मोजतं. वॉकर धरलेला हात झुलत नाही आणि चाल सावकाश, म्हणून त्याला कळतच नाही. पट्टा घोट्याला बांधला, दुसऱ्या दिवशी ६१२ आले. मशीन चुकतं तेव्हा त्याचा घाव पेशंटच्या मनावर बसतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवा.

मला खरा उपयोग झाला तो एका साध्या चाचणीचा. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटरवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ. दर रविवारी, सूनबाई शेजारी उभी. पहिल्यांदा ५२ सेकंद, सहा महिन्यांनी २६, आता १८. तो आकडा माझा असतो, मी स्वतः वहीत लिहितो. बीपीचा आकडा मात्र माझ्यावर लिहिला जायचा. दोन्हीत फार फरक आहे.

आणखी एक मागणं. आकडा बघून आधी एकमेकांकडे बघू नका, आम्हाला दिसतं. "बाबा, १४८ आहे, संध्याकाळी परत बघू" असं सरळ आम्हाला सांगा.

मधुमालती · ७ जानेवारी, रात्री १०:५०

काका, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मी रोज तुझ्याकडे बघत होते." आता आकडा बाबाच मोठ्याने वाचतात आणि वहीत लिहितात.

सगळ्यांचं वाचून आम्ही फ्रिजवर एक कागद लावला आहे. आमच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला. प्रत्येक आकड्यापुढे काय करायचं ते लिहिलंय. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा, तसाच आला तर डॉक्टरांना फोन, आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, बोलण्यात बदल, यातलं काहीही असेल तर थेट १०८. साखर ७० च्या खाली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्या आकड्यापुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं तो मोजणं बंद केलं. ऑक्सिमीटर त्यामुळे कपाटात गेला. बाबांना फुप्फुसाचा त्रासच नाही, आम्ही तो करोनाच्या भीतीपोटी वापरत होतो.

सगळ्यांत वर लाल अक्षरात: तोंड वाकडं, हात खाली पडणं, जीभ जड, अचानक तोल किंवा नजर जाणं, तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि निघा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंडात पाणीही घालायचं नाही, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. मागच्या वेळी आम्ही "झोपले की बरं वाटेल" म्हणून सकाळपर्यंत थांबलो होतो. ते मी विसरू शकत नाही, म्हणून ते सगळ्यांत वर आहे.

लश्करकर · ८ जानेवारी, सकाळी ९:४०

कागद उत्तम. त्याचा फोटो दादाच्या फोनवर आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवरही ठेवा. सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय का? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढे उत्पन्नाची अट नाही. त्यात भरती होण्याचा खर्च आणि घरी आल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधं-तपासण्या येतात. घरच्या मशीनांचे पैसे मात्र आपलेच, म्हणून विचार करून घ्या.

मधुमालती · २९ जानेवारी, रात्री ९:३०

थोडं कळवायचं होतं. लश्करकर काका, हात बदलल्यावर आणि पाच मिनिटं बसल्यावर सात दिवसांची सरासरी १३१/७९ आली. डॉक्टर वाढवणार होते ती गोळी वाढवली नाही. कार्ड काढलं होतं, शेजाऱ्यांना फोटो पाठवला.

तीन मीटरची पट्टी ओसरीत लावली. बाबांची वेळ पहिल्या रविवारी ४१, गेल्या रविवारी ३६. दादा पुण्याहून ओसरीतल्या कॅमेऱ्यावर बघतो आणि बाबा बसले की टाळी वाजवतो. वळताना ते अजून डावीकडे वळायचं टाळतात. सुरसागरजी, व्हिडिओ तुम्ही सांगितला तसा स्टुलावरून काढला आहे.

संक्रांतीच्या दिवशी आईने गुळाची पोळी केली होती आणि गडबडीत डावी बाजू वाढायची राहिली. बाबांनी मान वळवून रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "लिंबू, चटणी?" आई लगबगीने उठली.

चिमणबागवाली · २९ जानेवारी, रात्री ९:५५

वाचून फार बरं वाटलं. एक विचारायचं होतं, डोअरबेलचं बटण पलंगाला कसं बांधलं? आमचं चिकटपट्टीने दोनदा पडलं.

मधुमालती · २९ जानेवारी, रात्री १०:०५

चिकटपट्टी टिकत नाही, हाताच्या घामाने आणि तेलाने सुटते. आम्ही बटणामागे जाड कापडाचा तुकडा शिवून घेतला आणि त्याला वेल्क्रोची पट्टी लावून कठड्याला गुंडाळली. जेलरोडवर मिळते, अर्धा मीटर पुरते. बटणात गोल सेल असतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला बटण दाबून तपासते आणि एक जास्तीचा सेल घरात ठेवते.